निवडणारी चाळणी

डोंबिवलीत कुणी आजारी पडलं की पहिला संशय एमआयडीसीवर जातो. जाणारच! जानेवारी २०१४ मध्ये आमच्याकडे हिरवा पाऊस पडला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये एक रस्ताच्या रस्ता गुलाबी झाला होता. खिडकी उघडल्यावर आज कुठला वास येतोय, हे आम्ही बायका पावसापाण्याच्या गप्पांसारखं एकमेकींना सांगतो. त्यामुळे सासूबाईंच्या रक्तात शिसं सापडलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचं एकमत झालं. 'हे त्या कारखान्यांचंच काम!'

पण ते कारखान्यांचं काम नव्हतं. ते आमच्याच स्वयंपाकघरातल्या फडताळात, स्टीलच्या एका छोट्या डबीत होतं.

झालं असं, की सासूबाईंच्या पोटात कळा येऊ लागल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण पहाटे पाचला उठून आधी देवपूजा आणि मग चहा, असा शिरस्ता. ती बाई पोट धरून बसायला लागली. बद्धकोष्ठ, तोंडाला चव नाही, हातापायाला मुंग्या. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, सगळं नॉर्मल. हिमोग्लोबिन मात्र आठच्या घरात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, बीट, खजूर, हळिवाचे लाडू झाले. हिमोग्लोबिन काही हलेना. "म्हातारपण आहे गं, दुसरं काय," त्या म्हणायच्या आणि कुशीवर वळायच्या.

शेवटी ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला लावली. तांबड्या पेशींवर बारीक निळसर ठिपके दिसले. असे ठिपके दिसण्याची कारणं बरीच असतात, पण पोटातल्या कळा आणि न वाढणारं हिमोग्लोबिन सोबत असलं, की डॉक्टरांच्या मनात शिशाची शंका येते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी नातीच्या मायेनं विचारलं, "आजी, पुड्या, भस्म, असलं काही घेता का? रागावणार नाही मी."

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "गुडघ्यांसाठी घेते थोडं. आठ-नऊ महिने झाले."

मला धक्काच बसला. एका लग्नात भेटलेल्या ओळखीच्या बाईंनी पत्ता दिलेला. पुडीवर नाव नाही, लेबल नाही, परवान्याचा नंबर नाही. मधातून सकाळ-संध्याकाळ. गुडघे थोडे हलके वाटले म्हणून त्यांनी ते चालूच ठेवलं. आणि आम्हाला का सांगितलं नाही? "तुम्ही हसला असतात," त्या म्हणाल्या. यावर मी काय बोलणार? हसलोच असतो आम्ही.

रक्त तपासायला मुंबईला गेलं, सोबत एक पुडीही गेली. रिपोर्ट आला. शिसं : एका डेसिलीटर रक्तात ८४ मायक्रोग्रॅम. हा आकडा किती मोठा, ते कळायला एक तुलना सांगते. अमेरिकेत २०२१ पासून लहान मुलाच्या रक्तात हा आकडा साडेतीनच्या वर गेला, की लक्ष घालायला सांगतात. आणि जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते, की शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही. पुडीतही शिसं भरपूर निघालं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते. मी आयुर्वेदाच्या विरुद्ध नाही. आमच्याकडे आजही सर्दीला काढाच होतो. पण रसशास्त्रातली धातूंची औषधं आणि नाव-गाव नसलेली पुडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यातही लेबल लावलेल्या बाटलीवर डोळे झाकून विसंबू नये. २००८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली होती. साधारण पाचातल्या एका औषधात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. परदेशात जाणाऱ्या वनौषधींची अशी तपासणी सरकारनं २००६ पासून सक्तीची केली. मग आपल्या फडताळातल्या पुडीची तपासणी कोण करणार? आपणच!

पुड्या त्याच दिवशी बंद झाल्या. उपचार सुरू झाले. शरीरातल्या शिशाला चिकटून त्याला लघवीवाटे बाहेर नेणाऱ्या औषधांना 'चिलेटर' म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून आला आहे. नांगीत धरावं तसं ते औषध धातूला धरतं. सासूबाईंना डी-पेनिसिलामाइनच्या गोळ्या दिल्या. मध्ये मध्ये रक्त-लघवी तपासणं आलंच. पोटातल्या कळा आठवड्याभरात कमी झाल्या. महिन्याने आकडा ८४ वरून ४१ वर आला. आम्ही पेढे आणायचेच बाकी होतो.

मग गोळ्या थांबवल्या. आणखी महिन्याने पुन्हा तपासलं, तर ५२!

"अहो, पुड्या बंद आहेत ना नक्की?" ह्यांनी मला आत बोलावून विचारलं. मी फडताळ, ट्रंक, देव्हाऱ्याचा खण, सगळं धुंडाळलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवाशप्पथ नाही गं घेतली." त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

आणि त्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे, नात्यातल्या एकांनी एका ठिकाणाचं कार्ड आणून दिलं. 'रक्तशुद्धी. शरीरातील विषारी धातू शंभर टक्के बाहेर.' शिरेतून औषध सोडायचं, वीस बैठका, खर्च लाखाच्या आसपास. सासूबाई आत गेल्या आणि आपल्या लग्नातल्या पाटल्या घेऊन बाहेर आल्या. "ह्या मोडा. माझ्या मूर्खपणाचे पैसे तुम्ही का भरायचे?"

दुसरी गोष्ट आमच्या चिरंजीवांची. तो केमिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रात्रभर कॉम्प्युटरवर बसून सकाळी लाल डोळ्यांनी माझ्यासमोर उभा. "आई, आजीचं रक्त गाळून घेता येईल! पॉलिमरचे पडदे असतात, ते फक्त धातूच पकडतात. 'अ‍ॅफिनिटी मेम्ब्रेन' म्हणतात त्यांना."

मला तर आनंदच झाला. आपल्या वॉटर प्युरिफायरमध्ये नाही का पाणी गाळलं जात, तसंच रक्त! इतकं सोपं असताना गोळ्या कशाला? पाटल्या पर्समध्ये टाकल्या, मुलाला बरोबर घेतलं आणि दुपारची लोकल पकडून ठाणे गाठलं. 'कार्डवालं ठिकाण की मुलाचा पडदा, काय ते सांगा, आज पैसे भरूनच येते,' असं डॉक्टरीणबाईंना सांगायचं ठरवूनच निघाले होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "तुम्ही तांदूळ चाळता की निवडता?"

"दोन्ही," मी म्हटलं. "चाळणीनं कणी आणि भुसा जातो. पण तांदळाएवढा खडा चाळणीत तसाच राहतो. तो हातानं निवडावाच लागतो."

"झालं तर," त्या हसल्या. "तुम्हाला निम्मं समजलंय."

मग त्यांनी आणि मुलानं मिळून मला जे समजावलं, ते मैत्रिणींनो, मी माझ्या भाषेत तुम्हाला सांगते.

आपल्या ओळखीत कुणी ना कुणी डायलिसिसवर असतंच. त्या मशीनला लावलेली पारदर्शक नळी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात केसापेक्षा थोड्या जाड अशा दहा-बारा हजार पोकळ पॉलिमरच्या दोऱ्या भरलेल्या असतात. दोऱ्यांच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून खास पाणी. दोरीच्या भिंतीला इतकी सूक्ष्म भोकं, की युरियासारखी बारीक घाण बाहेर जाते, पण पेशी आणि प्रथिनं आतच राहतात. म्हणजे ही झाली चाळणी. ती फक्त आकार बघते. या चाळणीचा इतिहासही गमतीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरांनी सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या वापरून पहिलं मशीन जोडलं. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ साली त्या मशीनमुळे वाचलेली पहिली रुग्ण होती ६७ वर्षांची एक आजीबाई! आज आपल्या शेजारी, पवईच्या आयआयटीत, प्रा. जयेश बेल्लारे यांच्या गटानं डायलिसिससाठी अशा पोकळ दोऱ्या इथंच बनवण्यावर बरीच वर्षं काम केलं आहे.

पण शिशाला ही चाळणी चालत नाही. कारण रक्तातलं शिसं मोकळं फिरत नसतं. शंभरातलं जवळजवळ नव्याण्णव भाग शिसं तांबड्या पेशींमध्ये जाऊन बसलेलं असतं आणि उरलेलं बरंचसं प्रथिनांना चिकटलेलं. चाळणी पेशींना आणि प्रथिनांना बाहेर जाऊ देत नाही, म्हणजे त्यांच्याबरोबरचं शिसंही आतच राहतं. तांदळाएवढा खडा तो हाच.

म्हणून शास्त्रज्ञांनी विचार केला, की चाळणीलाच निवडायला का शिकवू नये? पडद्याच्या भोकांच्या आतल्या बाजूला धातूला धरून ठेवणारे 'आकडे' बसवायचे. रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, त्या भोकांतून वाहत जाणार आणि जाता जाता धातू आकड्यांना अडकणार. शेतातून चालताना गोखरू जसं बरोबर साडीच्या काठालाच धरतं, तसं. या आकड्यांमध्ये बहुधा गंधक असतं, कारण शिसं, पारा, कॅडमियम या मंडळींना गंधकाची फार ओढ. आपल्या शरीरातही कॅडमियम, पारा अशांना धरून ठेवणारं एक गंधकवालं प्रथिन असतंच. म्हणजे कल्पना निसर्गाचीच! 'अ‍ॅफिनिटी' म्हणजे हीच ओढ.

तुर्कस्तानात अंकाऱ्याच्या हाजेत्तेपे विद्यापीठात अदिल देनिझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आकडेवाल्या पॉलिमरवर पुष्कळ काम केलं आहे. त्यांनी वापरलेलं एक पॉलिमर तर आपल्या ओळखीचं निघालं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ज्याच्या बनतात, तेच! ते रक्ताशी फारसं भांडत नाही म्हणून निवडलेलं. प्लाझ्मामधले कॅडमियम, अॅल्युमिनियम, लोह असे धातू त्यांनी प्रयोगशाळेत पकडून दाखवले.

"मग आजीला कधी?" माझ्या मुलानं विचारलं.

"प्रयोगशाळेत, असं म्हणाले ना ते? काचेच्या नळीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिसं काढायला असा पडदा लावलाय आणि त्यावर रुग्ण झोपलाय, असं रुग्णालयांत रोजच्या उपचारात आजही नाही. अडचणी साध्या नाहीत. रक्त परक्या वस्तूला लागलं की गोठू पाहतं. आकडा शिशाबरोबर जस्त, लोह, तांबं हे कामाचे धातूही ओढून घेऊ शकतो. एखादा आकडा सुटून रक्तात गेला तर? आणि पेशींच्या आत बसलेलं शिसं प्लाझ्मातल्या आकड्याला भेटणार कसं?

"आणि सगळ्यात मोठी अडचण," त्या म्हणाल्या, "तुमच्या आकड्यातच दिसतेय. ४१ चे ५२ का झाले?"

मी मान खाली घातली. फडताळ धुंडाळलेलं आठवलं.

"पुड्या नाही घेतल्या त्यांनी. शिसं हाडांतून आलं."

मैत्रिणींनो, हे मला माहीतच नव्हतं. शरीराला शिसं म्हणजे कॅल्शियमच वाटतं. रक्तातलं शिसं महिन्या-दीड महिन्यात निम्मं होतं, पण तोवर बरंचसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथं ते वर्षानुवर्षं राहतं. मोठ्या माणसाच्या शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांतच असतं. औषधानं रक्त स्वच्छ झालं, की हाडं आपला साठा हळूहळू रक्तात सोडतात. टाकीत गढूळ पाणी असताना नळाला कितीही चांगलं फडकं बांधा, पुन्हा पुन्हा तेच येणार. उद्या तो पडदा अगदी तयार झाला, तरी एका बैठकीत काम होणार नाही. फार तर औषधानं पेशींमधून बाहेर ओढायचं आणि पडद्यानं पकडायचं, असं दोघांनी मिळून करावं लागेल. ज्यांची किडनीच बंद आहे आणि लघवीवाटे शिसं जाऊ शकत नाही, त्यांना त्याचा खरा उपयोग होईल. असं जोडीनं केलेलं काम नवीन नाही. डायलिसिसच्या रुग्णांच्या शरीरात अॅल्युमिनियम साठायचं, तेव्हा डेस्फेरॉक्सामाइन नावाचं औषध देऊन मग डायलिसिसनं ते बाहेर काढलं गेलं आहे.

हेच औषध आपल्या जवळच्या कितीतरी आयांच्या ओळखीचं आहे. उल्हासनगरच्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आहे. या मुलांना सतत रक्त चढवावं लागतं आणि त्या रक्तातलं लोह शरीरात साठून हृदयाला, यकृताला त्रास देतं. ते काढायला आया रात्री मुलाच्या पोटाच्या कातडीखाली सुई टोचून आठ-दहा तास पंप लावत. १९९०च्या दशकात लोह काढणारी तोंडानं घ्यायची गोळी आपल्या देशात आली, तेव्हा त्या घरांतल्या रात्री बदलल्या. रक्तातून धातू काढणं म्हणजे काय, हे त्या आयांना विचारावं. तिथं 'वीस बैठकांत शंभर टक्के' असं काही नसतं.

मग मी ते कार्ड पुढे केलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. शिरेतून देतात त्या ईडीटीए औषधाचे दोन प्रकार आहेत, नावं अगदी जुळ्या बहिणींसारखी. एक शिसं काढायला वापरतात, दुसरं रक्तातलं कॅल्शियमच ओढून घेतं. २००५ मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलाला हे दुसरं दिलं गेलं. कॅल्शियम एकदम उतरलं आणि मूल गेलं. योग्य रुग्णाला, योग्य औषध, रुग्णालयात आणि तपासण्यांच्या देखरेखीत दिलं, तर चिलेशन जीव वाचवतं. 'रक्तशुद्धी' म्हणून सरसकट दिलं, तर ते जीव घेऊ शकतं.

पाटल्या पर्समध्येच राहिल्या. घरी आले, सासूबाईंच्या हातात घातल्या आणि आधी माफी मागितली. "फडताळ धुंडाळलं त्याबद्दल." त्या म्हणाल्या, "मी लपवलं नसतं, तर तू शोधलंस कशाला असतं?" दोघी थोडं रडलो. मग चहा झाला.

गोळ्यांचे आणखी कोर्स झाले, मधे विश्रांती देत. कॅल्शियम, लोह, दूध-नाचणी सुरू राहिलं. दीड वर्षानं आकडा १९ वर आला. हिमोग्लोबिन अकरा. पहाटे पाचचा शिरस्ता पुन्हा सुरू झाला. गुडघे दुखतातच. त्यासाठी आता व्यायाम आणि शेक.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं एक वाक्य मात्र मनातून जात नाही. "शिशाचा हिशेब बायकांना जास्त भरावा लागतो." गरोदरपणात आणि अंगावर पाजताना आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, त्याच्याबरोबर शिसंही निघतं आणि बाळापर्यंत पोचतं. पाळी गेल्यावर हाडं झिजतात, तेव्हाही तेच. रक्तात लोह कमी असेल तर आतडी शिसं जास्त शोषतात. आणि आपल्या महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे! लहान मुलांचं तर विचारूच नका. त्यांच्या मेंदूवर जो परिणाम होतो, तो नंतर कुठलीही गोळी भरून काढत नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण पाचच्या वर असल्याचा अंदाज आहे.

म्हणून ही माझी यादी. आमच्या भिशीत मी सगळ्यांना लिहून दिली, तुम्हालाही देते.

लेबल, परवाना आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसलेली पुडी पोटात घ्यायची नाही. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवायचं नाही.

शेंदूर म्हणजे मुळात शिशाचीच भुकटी. मारुतीला वाहा, पण हात धुवा आणि पोरांच्या तोंडाजवळ नेऊ नका. भांगात भरायच्या सिंदुराचंही तेच. अमेरिकेत आणि मुंबई-दिल्लीत घेतलेल्या सिंदुराच्या नमुन्यांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. बहुतेकांत शिसं होतं. हळदीचं खरं कुंकू मिळालं तर उत्तम.

फार पिवळीधमक सुटी हळद नको. हळकुंडं आणून दळून घ्या. रंग खुलवायला काही ठिकाणी तिच्यात शिशाचा पिवळा रंग घालतात.

घराचा जुना रंग कोरडा खरवडू नका. घरगुती रंगांत शिसं किती असावं यावर आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून मर्यादा आहे. भिंतीवरचा त्याआधीचा रंग त्या नियमात बसत नाही. ओला करून काढा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी माहेरी पाठवा.

बॅटरीच्या, भंगाराच्या, रंगाच्या कामावरून घरी येणाऱ्या माणसाचे कपडे वेगळे धुवा.

पोटात कळा, बद्धकोष्ठ, न वाढणारं हिमोग्लोबिन हे तिन्ही एकत्र असलं, तर डॉक्टरांना एकदा शिशाबद्दल विचारा.

आमचे चिरंजीव आता शेवटच्या वर्षाला आहेत. प्रोजेक्टसाठी त्यानं पाण्यातलं शिसं पकडणारा पडदा निवडलाय. "आधी पाणी, मग रक्त," म्हणतो. आजी त्याला रोज विचारते, "झाली का रे तुझी चाळणी?" आणि तोवर ती स्वतः चष्मा लावून तांदूळ निवडत बसलेली असते.

परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. गुडघ्यांचं औषध कुठून तरी आणलंय म्हणाल्या, फार गुण आहे. सासूबाईंनी ताट बाजूला ठेवलं आणि विचारलं, "पुडीवर नाव आहे का हो?"